झुकतं माप



नागपूरच्या नकाशावर जवळजवळ अख्खा आठवडा वसलेला आहे. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरा. ज्या वारी जिथे बाजार भरायचा त्या वाराचं नाव त्या वस्तीला लागलं आणि बाजार रोजचा झाला तरी ते पुसलं गेलं नाही. बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास वसवलेलं हे गाव पुढे भोसल्यांची राजधानी झालं, इंग्रजांच्या मध्य प्रांताचं मुख्य ठाणं झालं, १८६७ मध्ये इथे रेल्वे आली. राज्यं बदलली, पण पत्ता सांगताना माणसं बाजाराचाच वार सांगत राहिली. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्या नात्यावर बोलायला याहून योग्य गाव शोधायला जायला नको.

इलेक्ट्रॉनिक काटे येण्याआधीची किराणा दुकानातली तागडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘धडा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गिऱ्हाईक तेलासाठी घरून डबा आणायचं. दुकानदार तो रिकामा डबा एका पारड्यात ठेवायचा. दुसऱ्या पारड्यात एखादा खडा, लोखंडी नट, खिळ्यांची पुडी असं काहीबाही टाकून दोन्ही पारडी एका पातळीवर आणायचा. याला धडा करणं म्हणत. एवढं झाल्यावर वजनं ठेवायची आणि मग तेल ओतायचं. धडा करताना दुकानदार क्षणभर हात बाजूला घ्यायचा. पारडी आपसूक हलायची, थांबायची, मधला काटा सरळ उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाची मान हलल्यावरच तेलाचं माप उचललं जायचं. आत खूप गर्दी असली तरी हे दोन क्षण कोणी वगळत नसे. डब्याचे पैसे तेलाच्या भावानं लागले नाहीत, याची ती उघड ग्वाही होती.

धान्याचं माप वेगळं. ते वजनानं नव्हे, पायलीनं, कुडवानं मोजलं जाई. भांडं काठोकाठ भरलं की सपाट माप झालं. त्यावर धान्याचा निमुळता ढीग चढला आणि दाणे कडेनं ओघळू लागले की ती शीग. शिगेचं माप द्यायचं की सपाट, हे आधीच ठरलेलं असे आणि शीग ठरली असेल तर ती हातानं दाबून खाली बसवणं हा बाजारात मोठा कमीपणा मानला जाई. माप मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. पुढचं माप दोन. हाच ‘लाभ’ शब्द दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी ‘शुभ’च्या शेजारी कुंकवानं लिहिला जातो. पण मापाच्या ढिगापाशी तो उच्चारला जायचा तेव्हा देणारा आणि घेणारा दोघंही तिथे हजर असायचे.

‘झुकतं माप’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग याच बाजारातून आला. आज वर्तमानपत्रात तो बहुतेक वेळा पक्षपात या अर्थानं येतो. अमक्या जिल्ह्याला झुकतं माप, तमक्या गटाला झुकतं माप. मूळचा अर्थ त्याहून साधा आणि मायेचा. काटा मध्यावर आला की व्यवहार पुरा झाला. त्यानंतर दुकानदारानं चिमूटभर माल आणखी टाकला आणि पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला कललं, तर ते झुकतं माप. कॉटन मार्केटातली भाजीवाली मावशी पाव किलो वांगी तोलून झाल्यावर वरून दोन हिरव्या मिरच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या टाकते, ते हेच. सकाळी सहा वाजता तर्री-पोह्याच्या गाडीवर अर्ध्या प्लेटनंतर गिऱ्हाईक नुसतं वर बघतं आणि पोहेवाला न बोलता पळीभर लाल तर्री पुन्हा ओततो, तेही हेच.

आजच्या व्याख्यानाचा विषय छोट्या व्यवसायातली ग्राहकसेवा असा आहे आणि त्यातलं मुख्य म्हणणं या मापापासूनच सुरू होतं. तागडी गिऱ्हाइकाला दिसते. पण विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंमध्ये असं काही तरी असतं जे त्याला दिसत नाही, कळत नाही किंवा तपासता येत नाही. गिऱ्हाइकाची नजर जिथे पोचत नाही, तिथे दुकानदाराचं माप कुणीकडे कलतं, यावर सेवा ठरते. हसतमुखानं बोलणं, पाणी विचारणं, बसायला खुर्ची देणं हे सगळं हवंच, पण ते या पायावर उभं राहतं.

अनेक दुकानांत गल्ल्यामागे एक पाटी असते. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर नाही तर आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाची. खाली नाव महात्मा गांधींचं. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला येऊन राहिले. ते ठिकाण नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर. त्यामुळे या भागाला त्या पाटीबद्दल अधिकच आपुलकी वाटते. मात्र गांधीजींच्या शंभर खंडांच्या समग्र वाङ्मयात या मजकुराला आधार सापडत नाही. १९४१ मध्ये स्टूडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावावर जवळजवळ हाच मजकूर छापलेला आढळतो. पाटीतला विचार त्यामुळे खोटा ठरत नाही. पण गांधीजींचं नाव दुकानात लावायचंच असेल, तर त्यांनी खरोखर सांगितलेला विश्वस्ताचा विचार त्या जागी जास्त शोभेल. ज्याच्या हातात माल आणि भांडवल आहे, तो त्याचा मालक कमी आणि राखणदार जास्त, हा तो विचार. दुकानदाराला तो मालकांच्या सभेत ऐकून कळणार नाही इतका दुधाच्या कॅनपाशी कळतो.

कारण दूध ही धडा करून न कळणारी वस्तू आहे. लिटरचं माप अचूक असलं तरी त्यात पाणी किती, हे डोळ्यांना दिसत नाही. १९३२ मध्ये दिनशॉ आणि एरचशॉ राणा या दोन पारशी भावांनी नागपुरात गिट्टीखदान भागात दुधाचा छोटा धंदा सुरू केला. दुधाच्या धंद्यात गिऱ्हाईक टिकतं ते एकाच कारणानं. रोज सकाळी भांड्यावर साय तशीच येते. त्या दुधातून पुढे हातानं फिरवायच्या लाकडी पॉटमधलं आइस्क्रीम झालं आणि त्यातून ‘दिनशॉज’ हे नाव विदर्भाच्या घराघरांत गेलं. लग्नाच्या पंगतीत शेवटी कोणतं आइस्क्रीम आहे, यावर पाहुणचाराची प्रत ठरवण्याचा एक काळ नागपुरानं पाहिला आहे. त्या नावाच्या मुळाशी दुधाचा रतीब आहे, हे विसरून चालणार नाही.

न दिसणाऱ्या गोष्टीचं दुसरं रूप म्हणजे चव. न चाखलेल्या पदार्थावर पैसे टाकायला गिऱ्हाईक कचरतं आणि ते बरोबरच आहे. बिकानेरच्या हल्दीराम घराण्यातले शिवकिसन अग्रवाल १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपुरात आले. इथल्या लोकांच्या ओळखीच्या मिठाया मोजक्याच होत्या. काजूकतली ही त्यांच्या जिभेला नवी होती आणि महागही होती. त्या घराण्याच्या इतिहासात सांगितलं जातं की त्यांनी काजूकतलीचे तुकडे आधी लोकांना फुकट चाखायला दिले. जोखीम दुकानदारानं आपल्या अंगावर घेतली, मग दाम मागितला. आज नागपूरहून जाणारा पाहुणा संत्राबर्फीचा डबा घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही. २०२५ मध्ये या घराण्याचे दिल्ली आणि नागपूरचे व्यवसाय एकत्र आले आणि देशातली फार मोठी खाद्यकंपनी उभी राहिली. तिची नागपुरातली गोष्ट मात्र हातावर ठेवलेल्या त्या तुकड्याशी जोडलेली आहे.

तिसरी गोष्ट नागपूर सोडून गेलेल्या माणसाची. केशव विष्णू पेंढरकर नागपुरात छोटं किराणा दुकान चालवत. ते सोडून त्यांनी मुंबई गाठली आणि १९५२ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, परळला राहत्या जागेतच वनस्पतींची दंतमंजनं करायला सुरुवात केली. वडिलांच्या नावावरून ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ हे नाव घेतलं. तीच आजची विको. मंजन बनवून झाल्यावर पेंढरकर आणि त्यांची मुलं ते पिशवीत घालून दारोदार विकत. दारं बंद व्हायची, अपमान व्हायचे. पण किराणा दुकान चालवलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती. दारात उभं राहून ऐकलेली तक्रार ही उद्याच्या मालाची दुरुस्ती असते. मंजन कसं लागलं, दात शिवशिवतात का, वास आवडला का, हे प्रश्न विचारायला त्यांना मधला कोणी लागत नव्हता. छोट्या व्यवसायाची ही ताकद मोठ्या कंपन्या पुढे सर्वेक्षणांवर पैसे खर्च करून विकत घेऊ पाहतात.

मापाचा आणि भरवशाचा हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल या गिरणी गावात १८४४ साली अठ्ठावीस जणांनी मिळून अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर एक दुकान काढलं. त्यांत विणकर बरेच होते. २१ डिसेंबरच्या संध्याकाळी टोड लेनवरच्या त्या दुकानाची दारं उघडली तेव्हा आत थोडं पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. त्या काळात पिठात खडू मिसळणं आणि मापात काटा मारणं सर्रास चाले. या दुकानानं दोनच गोष्टींची हमी घेतली होती, शुद्ध माल आणि पुरं वजन. नफा उरला तर तो ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात गिऱ्हाइकांनाच परत. जगभरची ग्राहक सहकारी चळवळ या दुकानाला आपलं मूळ मानते. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला, तो याच परंपरेतला. विणकर आणि गिरणी कामगार यांना हे सुचावं, यात नवल नाही. दिवसभर दुसऱ्यासाठी इंच-इंच मोजून कापड काढणाऱ्या हातांना संध्याकाळी मापात मारलं गेलेलं सहन झालं नाही.

नागपूरही विणकरांचं आणि गिरणीचं गाव. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला इथे सुरू झाली आणि १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी निवृत्तिनिधी उभा राहिला, १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय झाली. मिल मोठी होती, आजचा विषय छोट्या दुकानाचा आहे, तरी हा दाखला जवळचा आहे. गल्ल्यावर मालक बसतो, पण गिऱ्हाइकाला सामान बांधून देतो तो कामावरचा पोऱ्या. त्याला जेवायला अर्धा तास मिळाला नसेल, पगाराची तारीख ठरलेली नसेल, चारचौघांत त्याला अरे-तुरे आणि वर शिव्या ऐकाव्या लागत असतील, तर त्याच्याकडून गिऱ्हाइकाला मिळणारी वागणूकही तशीच येते. ‘गिऱ्हाईक देव’ म्हणणाऱ्या दुकानात त्या देवाचा पुजारी उपाशी असू नये.

आता सर्वांत अवघड जागेकडे वळायला हवं. जिथे गिऱ्हाइकाला काहीच दिसत नाही आणि चुकीची किंमत पैशांत मोजता येत नाही, ती जागा.

विदर्भातला शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. माणसाच्या दुखण्यालाही औषध आणि पऱ्हाटीवरच्या अळीलाही औषध. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यांत भरती झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, हवेत दमटपणा होता, फवारा तोंडावर येत होता, अंगावर संरक्षणाचं काही नव्हतं आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती. कारणं अनेक होती आणि त्यांचा दोष एकट्या दुकानदारावर टाकणं अन्यायाचं होईल. पण एक गोष्ट विचार करायला लावते. पिकावर काय मारायचं, किती मारायचं, कशात मिसळायचं, हे बहुतेक शेतकरी पहिल्यांदा विचारतो ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. कृषी विद्यापीठ दूर असतं, कृषी सहायकाकडे अनेक गावं असतात. दुकान मात्र बस स्टँडजवळ असतं आणि ते हंगामात उधारीही देतं.

बाटलीवर एक चौकट असते, तिच्यात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य. वाचता न येणाऱ्या माणसालाही कळावं म्हणून ही रंगांची सोय आहे. पण रंगांचा अर्थ कोणी तरी एकदा सांगावा लागतो. हैदराबादची ‘मॅनेज’ ही कृषी विस्ताराची राष्ट्रीय संस्था २००३ पासून कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालवते, तो याचसाठी. तागडीच्या दुकानात धडा करणं जे होतं, ते कृषी केंद्रात हा त्रिकोण समजावून सांगणं आहे. इथे झुकतं माप म्हणजे दोनऐवजी एकच बाटली विकणं आणि तेवढ्यात भागेल असं सांगणं.

माणसांच्या औषधाच्या दुकानातही हेच लागू पडतं. ताप आला, घसा धरला की गिऱ्हाईक येऊन प्रतिजैविकाचं नाव सांगतं आणि ‘द्या दोन दिवसांच्या’ म्हणतं. २०१४ पासून अनेक प्रतिजैविकं ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दिली त्याची नोंद वहीत ठेवायची, असा नियम आहे. दुकानदारानं नाही म्हटलं तर गिऱ्हाईक रागावून पलीकडच्या दुकानात जातं. त्या दिवशीची विक्री बुडते. पण ग्राहकाला आधी मान देणं याचा अर्थ त्याची प्रत्येक मागणी पुरवणं असा घेतला, तर डॉक्टरांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांनाच आपली कामं सोडावी लागतील. ‘टायर नवा नको, पॅच पुरे होईल’ म्हणणारा सायकलवाला आणि ‘एवढ्या कापडात सदरा बसणार नाही, उगाच फाडू नका’ म्हणणारा शिंपी आपलं काम करत असतात. त्यांनी सोडून दिलेली मिळकत त्यांच्या वहीत लिहिली जात नाही.

सेवेचा खर्च कुठून येतो, हा प्रश्न टाळून हे व्याख्यान पुरं होणार नाही. उधारीच्या खात्यावर कितीतरी घरांचे महिने निघाले आणि त्याच खात्यांनी कितीतरी दुकानं बुडवली. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा किराणा, दूध, औषध ही दुकानं उघडी होती. मोहल्ल्यातल्या किराणा दुकानदाराला त्या दिवसांत माहीत होतं की कोणत्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच आहेत, कोणाच्या घरची रोजंदारी थांबली आहे. अनेकांनी यादी फोनवर घेतली, सामान दाराशी ठेवलं, पैसे ‘नंतर द्या काकू’ म्हणून सोडले. ती माहिती कोणत्याही यंत्रात साठवलेली नव्हती. वीस-वीस वर्षं त्याच घरांची यादी बांधताना ती डोक्यात बसली होती. या दुकानदारांची बाकी नंतर सगळ्यांनी चुकती केली असं म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाचंही काही कर्तव्य असतं, हे इथे सांगायलाच हवं. हातउसनं वेळेवर परत करणं, दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या सामानावर सूट घ्यायची आणि अडीअडचणीला कोपऱ्यावरच्या दुकानात उधार मागायचं असं न करणं, एवढं तरी.

कायद्यानं गिऱ्हाइकाची बाजू पुष्कळ भक्कम केली आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात अखिल भारतीय ग्राहक पंचायत सुरू केली. बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ ला, ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन ठरला. २० जुलै २०२० पासून नवा कायदा लागू आहे. त्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ अजूनही कितीतरी बिलांवर छापलेली असते. ती खोडायला प्रेसवाल्याकडे एक फोन पुरतो. पाच लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या मालाच्या किंवा सेवेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ती कधीपर्यंत खाण्यायोग्य आहे, ती तारीख लावायची आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी होऊन त्यावर शिक्का लागला पाहिजे.

हे सगळं पाळलं की काटा मध्यावर येतो. व्यवहार पुरा होतो. त्यानंतरची चिमूट कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ती दुकानदारानं आपल्या हातानं टाकायची असते.

मृग लागला की कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर पुन्हा गर्दी होईल. चिखलानं भरलेल्या वहाणा दाराबाहेर काढून शेतकरी आत येतील. नाव न सांगता पऱ्हाटीचं रोगट पान खिशातून काढून काचेवर ठेवतील आणि म्हणतील, ‘याच्यावर औषध द्या भाऊ.’ पाठीमागे दहा जण उभे असतील. अशा वेळी एखादा दुकानदार काउंटरच्या बाहेर येईल, बाटली हातात धरून त्रिकोणावर बोट ठेवील, पंपाला किती झाकणं टाकायची ते त्याच झाकणानं मोजून दाखवील आणि विचारील, ‘घरी हातमोजे आहेत का?’ शेतकरी नाही म्हणेल. मग गल्ल्यामागच्या खोक्यातून रबरी हातमोज्यांची एक जोडी निघेल आणि बिलात न धरता, सांबाराच्या काड्यांसारखी, वरून त्याच्या पिशवीत पडेल.